दातोंग: आधी मंदिरावर चढायचं तिकीट काढा, रेल्वेचं नंतर

चीनमधल्या दातोंगजवळ उभ्या कड्याला टांगल्यासारखं एक देऊळ आहे. या लटकत्या मंदिराला दोन तिकिटं लागतात, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. 15 युआनच्या तिकिटात फक्त आवारात जाऊन खालून बघायचं. वर चढायचं तिकीट वेगळं, 100 युआनचं. ते आधीच मोबाईलवरून पासपोर्ट नंबर टाकून काढावं लागतं, आणि ते संपतं. एका गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये शान्शी प्रांतातली जुनी देवळं दिसल्यापासून तर इथे झुंबड असते. पुण्याहून एवढ्या लांब जाऊन पहिल्या दिवशी आम्ही दोघं कड्याखाली माना वर करून उभे राहिलो आणि परत फिरलो.

त्यात तो गाडीवाला. स्टेशनबाहेरच भेटला. मंदिर शहरापासून 65 किलोमीटरवर, तिथून यिंगशिएनचा लाकडी पॅगोडा आणि परत, असे 400 युआन ठरले. 'तिकिटांची काळजी नको, माझी ओळख आहे,' असं त्याने भाषांतराच्या अॅपवर बोलून दाखवलं. पोचल्यावर ओळखीच्या तिकिटाचे माणशी 300 झाले. आम्ही नाही म्हणालो, तर परतीच्या रस्त्यात गाडी कडेला लावून थांबल्याचे आणि पार्किंगचे म्हणून आणखी 200 मागितले. अंधार पडत होता, दिले. युआन साधारण 12 रुपयांना पडतो. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून सांगते, स्टेशनबाहेर हाक मारणाऱ्याच्या गाडीत अजिबात बसू नका. अलिपे या पैसे देण्याच्या चिनी अॅपमध्येच दीदी ही टॅक्सी बोलवायची सोय आहे, भाडं आधी दिसतं. दिवसभराची गाडी हवी असेल तर हॉटेलच्या काउंटरवर सांगा. थांबणं, टोल, पार्किंग धरून एकूण रक्कम चिनीत लिहून घ्या आणि त्या कागदाचा नंबरप्लेटसकट फोटो काढा.

अलिपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड घरूनच जोडा. 200 युआनच्या वरच्या प्रत्येक व्यवहाराला 3 टक्के कापतात, त्यामुळे मोठी बिलं शक्यतो फोडून द्या. गूगल मॅप्स विसरा. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलंत तर व्हॉट्सअॅप चालतं; हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

बीजिंगहून फास्ट गाडी दोनेक तासांत पोचवते, पण ती मुख्य स्टेशनवरून सुटत नाही. आमची छिंगहे स्टेशनवरून होती, तिथे मेट्रोची 13 नंबरची लाइन जाते. उतरायचं दातोंग साउथला. नुसतं 'दातोंग' हे जुनं स्टेशन वेगळं. तिकिटं 15 दिवस आधी खुली होतात. 1 ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आठवड्यात जाऊच नका.

युनगांगची लेणी शहराच्या पश्चिमेला 16 किलोमीटरवर आहेत आणि तिथे काहीच त्रास झाला नाही. साधारण इ.स. 460 मध्ये खोदायला सुरुवात झाली. अजिंठा-कार्ले बघितलेल्या माणसाला सहाव्या लेण्यातला मधला कोरीव खांब बघून ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं होतं. अर्धा दिवस द्या. यिंगशिएनचा पॅगोडा 1056 सालचा, 67 मीटर उंच, पण वरच्या मजल्यांवर जाऊ देत नाहीत. एकच दिवस असेल तर सोडा. शहराची तटबंदी अलीकडे नव्याने बांधलेली, सोडली तरी चालेल.

शाकाहारींनी 'वो छ् सू' (मी शाकाहारी आहे) पाठ करा आणि चिनीत लिहून ठेवा. दाओश्याओ म्येन, म्हणजे इथल्या पात्याने कापलेल्या नूडल्स, मागवाल तर मटणाचा नाही, डुकराच्या मांसाचा रस्सा येतो. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याच्या मागवा. आचारी कणकेचा लांबट गोळा हातावर धरून पात्याने सपासप पट्ट्या उडवतो, त्या थेट उकळत्या पाण्यात पडतात. वर शान्शीचं काळं व्हिनेगर, दोन चमचे तरी.

त्या पहिल्या दिवशी रात्री हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट घेऊन तिच्या फोनवरून दुसऱ्या दिवशी सकाळची मंदिरावर चढायची दोन तिकिटं काढून दिली. एक पैसा जास्त घेतला नाही. मी तिला मिठीच मारली.

आणि वर चढलो! इ.स. 491 चं हे देऊळ. खालून काड्यांसारखे दिसणारे उभे खांब नावालाच. खरा भार कड्यात भोकं पाडून ठोकलेल्या आडव्या तुळयांवर. वाट एका माणसापुरती, कठडा मांडीपर्यंत, फळ्या पायाखाली किंचित दबतात. सगळ्यात वरच्या दालनात बुद्ध, लाओत्झू आणि कन्फ्यूशियस शेजारी-शेजारी बसलेत. 100 काय, 500 युआन असते तरी मी दिले असते. उंचीची भीती असेल तर मात्र खालीच थांबा, कारण मध्येच मागे फिरता येत नाही. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, आणि सप्टेंबरअखेर गेलात तर जाकीट हवंच.