आजीचं हसू

आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आज कपाटातून निघाली. पुढची झडप उचलली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी! साफ करून घेतली, तरी चित्रावर आडवे पट्टे आणि रंग ओघळलेले. १९७६ साली बाजारात आलेलं हे तंत्र. चुंबकीय फीत दर वेळी व्हीसीआरच्या हेडवर घासते, म्हणजे जितक्या हौसेने पाहाल तितकी ती झिजते. प्रतीवरून प्रत काढली की आणखी धूसर.

जे वाचलं ते डिजिटल करून क्लाउडवर चढवलं, आत्याला लिंक पाठवली. तिच्याकडे नेट यथातथाच, तरी व्हिडिओ अडला नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो ना, आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार असतो. वेग घटला की हलका तुकडा येतो. चित्र जरा पुसट होतं, पण चालू राहतं. आख्खी फाइल उतरायची वाट बघायला नको, रिवाइंडची घरघर नाही. (मूळ फाइल मात्र वेगळ्या हार्डडिस्कवरही ठेवलीय.)

आत्याने थेट बाविसावं मिनिट गाठलं. तिथे आजी पदर सावरत हसते. सात वेळा पाहिलं म्हणाली.