काटा वर चढत नाही म्हणून खूश असलेले काका

गॅरेजमध्ये रोज एखादा तरी 'ॲव्हरेज पडलंय' म्हणून येतोच, आणि बरेचसे डॅशबोर्डवरचा आकडा बघून घाबरलेले असतात. हे काका मात्र वहीच घेऊन आले. दर वेळी टाकी फुल टू फुल, तारीख, किलोमीटर, लिटर, सगळं पेनाने लिहिलेलं. आधी 16 च्या आसपास आणि मग मधूनच एकदम साडेतेरा, त्यानंतर आकडा वर सरकलाच नाही.

म्हटलं आधी सोपं सोपं बघू. टायरमध्ये हवा 33 पाहिजे तिथे 27, भरली. एअर फिल्टर बरा होता. गाडी उचलून चारही चाकं हाताने फिरवली, कुठे ब्रेक धरतोय का, तर नाही, सगळी मोकळी. स्कॅनरला बिघाडाचा एकही कोड नाही. गाडी जागेवर चालू ठेवली तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) 85 अंशांपर्यंत गेलं, वेळ जरा जास्तच घेतला पण मी तेवढ्यात दुसऱ्या गाडीत हात घातला होता, लक्ष दिलं नाही (चूक माझीच).

ऑइलचं झाकण काढलं तर आतून पांढरट साय. पोटात गोळा आला, हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं इंजिनमधलं सील) गेलं की काय! पण कूलंट कमी झालेलं नव्हतं, धूरही नाही. तेवढ्यात काका कौतुकाने म्हणाले, "इंजिन एक नंबर आहे हो, काटा कधी अर्ध्यावर पण जात नाही, एकदम थंड."

तिथेच डोक्यात ट्यूब पेटली. काकांना चालवायला बसवलं, स्कॅनर मांडीवर घेतला आणि मोकळ्या रस्त्याला लागलो, तर तापमान 80, मग 71, मग 62. सिग्नलला थांबलो की परत चढायला लागलं. म्हणजे वारा लागला की इंजिन गारठतंय. इंजिन साधारण 90 ला नीट चालतं, त्याच्या खाली राहिलं की ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं अजून गरम व्हायचंय, तो पेट्रोल जास्त सोडतो, ऑइल जाडच राहतं, आणि आत धरलेली वाफ उडत नाही, तीच ती झाकणाची साय.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला असेल म्हणून त्याचं हाउसिंग खोललं. आत थर्मोस्टॅटच नाही, नुसती रिकामी जागा!

नवीन बसवला. तीन टाक्यांनंतर काकांचा फोन, 15.4. उरलेलं अर्धा-पाऊण त्यांच्या उजव्या पायात आहे, पण ते मी बोललो नाही.

जुना थर्मोस्टॅट गेला कुठे हे पण वहीतच सापडलं. आकडा पडला त्याच्या आदल्याच ओळीत काकांच्याच अक्षरात, "कूलंट लीकेज काढलं. मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढून टाकला, आता गाडी कधीच गरम होणार नाही म्हणाला."