‘श्यामची आई’ मुलांना द्यायचं का? तुम्ही विचारलंत म्हणून

वाचनालयात मुलांसाठी पुस्तकं न्यायला आलेले आईबाबा मला हमखास विचारतात, “ताई, ‘श्यामची आई’ देऊ का हिला? की फार रडवेल?” काहीजण पुढे म्हणतात, “शिवाय ते शंभर वर्षांपूर्वीचं कोकण. आत्ताच्या मुलांना काय कळणार त्यातलं?” पुस्तकावर शिक्का मारता मारता याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

द्या, जरूर द्या. फक्त आईचं पुस्तक म्हणून देऊ नका, श्यामचं पुस्तक म्हणून द्या.

साने गुरुजींच्या या पुस्तकाचं जे चित्र आपल्या मनात आहे, ते बरंचसं १९५३ च्या सिनेमातून आलंय. आचार्य अत्र्यांचा तो सिनेमा थोर आहे, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक उगाच नाही मिळालं त्याला. पण वनमालाबाईंनी उभी केलेली आई डोळ्यांसमोर इतकी ठसली की मुलगा तिच्या पदराआड गेला. पुस्तक उघडा, तो लगेच भेटतो. भित्रा, हट्टी, हळवा, पुस्तकांसाठी हपापलेला. या पुस्तकात प्रकरणांऐवजी रात्री आहेत. एका रात्रीचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’ आहे, दुसरीचं ‘तीर्थयात्रार्थ पलायन’. संध्याकाळीच झाडावरच्या कळ्या तोडून आणणारा हा मुलगा आहे, का तर सकाळी दुसऱ्या कुणी फुलं न्यायला नकोत. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना हा श्याम चटकन ओळखू येतो. ती त्याच्यावर हसतात, त्याच्या बाजूने भांडतात.

मी नेहमी बाराव्या रात्रीपासून वाचायला घेते, ‘श्यामचे पोहणे’. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी तुडुंब भरतात आणि गावातली पोरं त्यांत पोहायला शिकतात. श्यामला पाण्याची भीती. सगळे निघाले की हा माळ्यावर दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि विहिरीवर पाठवते. तो शिकतो. घरी येतो तेव्हा तीच आई त्याच्या वळांना तेल लावते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

इथे मुलं हमखास विचारतात, “पण मारलं कशाला?” विचारू दे. त्यांच्याशी बोलताना मी आईची बाजू घेत नाही. मारून शिकवायची गरज नसते, हे मी सरळ सांगते. पण भीती वाटण्यातली लाज, लपून बसल्यावर छातीत होणारी धडधड आणि पाण्यात पडल्यावर ‘अरे, मी बुडलो नाही!’ हे कळण्यातला आनंद, हे सगळं त्या प्रकरणात इतकं खरं आहे की ते टाळणं म्हणजे मुलांवर अन्याय.

दुसरी अडचण जातीची. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी पडते. ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, पण परत आल्यावर आंघोळ कर, असंही सांगते. काही पालक ते पान गाळा म्हणतात. माझ्या मते तेच पान सावकाश वाचावं. दयाळू बाईलाही त्या काळाने कुठे अडवलं होतं, ते मुलांना तिथे स्पष्ट दिसतं. आणि पुढे त्याच मुलाने, म्हणजे साने गुरुजींनी, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषण केलं, हेही त्याच बैठकीत सांगावं.

राहिलं कोकण. दापोली तालुक्यातलं पालगड हे गुरुजींचं गाव. तिथली मोरी गाय, पत्रावळी लावणं, लाडघरचा समुद्र, काळजीने सांभाळूनही हातात मरून गेलेलं पाखराचं पिल्लू. यातलं काही समजावून सांगावं लागतं हे खरं. पण समजायला अवघड म्हणावं असं त्यात काय आहे? ‘अळणी भाजी’ घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काहीच बोलत नाहीत, मुकाट्याने जेवतात, म्हणून मुलंही जेवतात. शेवटी आई पानावर बसते तेव्हा तिला कळतं आणि तिचा जीव कासावीस होतो. वडील का गप्प राहिले, हे आठ वर्षांची मुलगी आपल्याला समजावून सांगते, आपण तिला नव्हे.

आणि हे पुस्तक मोठ्याने वाचा. आश्रमातले मित्र रोज रात्री जमतात आणि श्याम सांगतो, अशीच त्याची रचना आहे, म्हणून प्रकरणं नाहीत, बेचाळीस रात्री आहेत. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी यातला बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. आई जाऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. मनात साठलेलं कुणाला तरी सांगावं तशी ती भाषा वाहते. ‘होय हो’, ‘बरं का’ असं ऐकणाऱ्याला जवळ ओढणारं ते बोलणं मुक्याने वाचलं तर मुलांना पाल्हाळ वाटेल, आवाजात आलं की ती सरकून पुढे बसतात. एका वेळी एकच रात्र. संस्कारासाठी सक्ती म्हणून तर मुळीच नको.

रडवेल का? हो. कर्जापायी घराची अब्रू जाते तिथून पुढच्या रात्री जड आहेत. आईचं आजारपण आणि मरण सात-आठ वर्षांच्या मुलांना मी वाचून दाखवत नाही. दहा-अकराव्या वर्षी मात्र ती मुलं आपणहून शेवटपर्यंत जातात. तेव्हा त्यांना रडू येऊ द्या, फक्त त्या दिवशी तुम्ही घरात असा.