गास्केट ते गोळा: आमची वाटचाल

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडचा पत्ता विचारलात, तर आजही समोरून प्रश्न येतो, "ते गास्केटवाले ना?" होय, तेच. औषध कंपन्यांना सिलिकोनची गास्केटं, म्हणजे सांध्यातली गळती रोखणाऱ्या चकत्या, पुरवणं हा आमचा मूळ धंदा आणि बर्फाच्या साच्यात मिळालेलं नाव त्याच्याच जिवावर उभं आहे. औषधवाल्यांकडे माल पाठवायचा म्हणजे प्लॅटिनम क्युअरचाच (प्लॅटिनमच्या मदतीने पक्का केलेला) रबर, प्रत्येक बॅचचा कागद, आणि प्रेसमधून निघालेला नग पुन्हा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ४ तास. या शेवटच्या पायरीला पोस्ट क्युअरिंग म्हणतात. ती गाळली तरी नग दिसायला तसाच दिसतो. वीज वाचते, वेळ वाचतो, आणि पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. मग पणजी-म्हापशाकडच्या बारवाल्यांना फेणी जाड बुडाच्या ग्लासात, बर्फाच्या एकाच मोठ्या गोळ्यावर देण्याची हौस सुटली. त्यांतलेच म्हापशाचे एक, ज्यांना सगळा बाजार भाई म्हणतो, बाहेरून मागवलेला बर्फाच्या गोळ्याचा साचा घेऊन आमच्याकडे आले. साचा टेबलावर टाकला आणि एवढंच म्हणाले, "सुक्या नुस्त्याचो वास येता." नुस्तं म्हणजे मासळी.

यायचाच. सिलिकोन वास धरून ठेवतं, आणि गोव्यातल्या कुठल्या फ्रीजरमध्ये सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, नसतात? नीट पोस्ट क्युअर न केलेल्या सिलिकोनला स्वतःचाही एक तेलकट वास असतो, वर हा मासळीचा. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेचा दंडक असा, की नग २०० अंशांवर ४ तास ठेवला तर त्याचं वजन अर्ध्या टक्क्याहून जास्त घटता कामा नये. भाईंच्या साच्याचं वजन आम्ही करून पाहिलं. त्या आकड्याविषयी न बोललेलं बरं.

आमचा साचा तिथून सुरू झाला. ६० मिलिमीटरचा गोळा, म्हणजे ११३ मिलिलिटर आकारमान आणि योगायोगाने पृष्ठभागही ११३ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच बर्फाचा चौकोनी खडा केला तर पृष्ठभाग १४० च्या आसपास जातो. गोळा हळू वितळतो तो यामुळे, त्यात जादू काही नाही. डाय, म्हणजे ज्यात साचा दाबून घडवतात तो धातूचा ठसा, बेळगावच्या उद्यमबागेत कापून घेतली. ती ६० ची नाही, ६१.९ ची. सिलिकोन गार होताना आणि पोस्ट क्युअरमध्ये मिळून साधारण ३ टक्के आकसतं, हे डायमेकरला आधी पटेना. त्याला धातूची सवय. दोन्ही अर्ध्यांच्या कडांना एकमेकांत बसणारी जीभ आणि खाच, भिंत ३ मिलिमीटर, कडकपणा ५० शोअर (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी). आणि खालच्या अर्ध्याला १० मिलिमीटरचं भोक. ते भोक ही आमची खरी कमाई.

बाजारातल्या साच्यांना भोक वर असतं, पाणी ओतायला. असा साचा फ्रीजरमध्ये चहूबाजूंनी गोठतो. पाण्यातली हवा आणि क्षार आत ढकलले जातात आणि मधोमध पांढरा गड्डा बनतो. पाणी दोनदा उकळा, आरओचं घ्या, थोडा फरक पडतो, गड्डा जात नाही. गोठण्याची दिशा एकच ठेवली की जातो. वरून थंडी, बाकी सगळीकडून बंद. मग हवा आणि क्षार खाली सरकत सरकत भोकातून बाहेर पडतात.

आमचा संच म्हणजे थर्माकोलचा डबा, त्यात खाचेवर बसणारी चार भोकांची थर्माकोलची पाटी, आणि चार साचे. डब्यात पाणी भरून साचा त्यात बुडवायचा, भोक वर धरून दाबून बुडबुडे काढायचे आणि पाण्यातच उलटा करून पाटीत बसवायचा. अर्धा वर, अर्धा खाली. भोक पाण्याखाली आहे तोवर आतलं पाणी खाली येत नाही. डब्याच्या काठाखाली २ सेंटिमीटर जागा सोडा, कारण पाणी गोठताना ९ टक्के फुगतं आणि ते जादाचं पाणी डब्यातच येतं. झाकण लावू नका. थर्माकोलचा डबा दिसला की झाकण लावायचा मोह लोकांना का होतो कळत नाही. वरची थंडीच अडवली तर गोठणार काय? उणे १८ ला २० ते २४ तास. खालचं पाणी अजून पाणीच असताना डबा बाहेर काढायचा. दोन दिवस विसरलात तर खालचाही सगळा बर्फ होतो आणि पांढरेपणा पुन्हा गोळ्याच्या तळाशी चढतो. आणि हो, मासळीबाजारातला जुना डबा धुऊन वापरू नका. कितीही धुवा.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माल जात होता, पैसे येत होते.

२०२० च्या मार्चमध्ये बार बंद झाले. बारचा माल थांबला तेव्हा घरगुती गिऱ्हाइकासाठी आम्ही वितरक नेमला. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना ठाऊक आहे. त्याने नमुने नेले, ड्रॉइंग मागितलं, 'दुकानदारांना समजावायला' म्हणून दोनदा कारखाना पाहून गेला. पुढच्या हंगामात, ऐन एप्रिलमध्ये, आमचे खोके न फोडताच परत आले आणि त्याच्या दुकानांत आमच्यासारखाच साचा निम्म्याहून कमी दरात लागला. उघडायला धरायची कडेची जीभसुद्धा आमचीच, तिच्यावरच्या तीन रेघांसकट! जुन्या बिलांचा पत्ता नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा भरलेली, रबर उधारीवर घेतलेला, प्रेस एका पाळीवर आणली. गास्केटांच्या ऑर्डरी नसत्या तर शेडला कुलूप लागलं असतं.

त्याने नक्कल केली ती मात्र तयार नगावरून. आमचा नग बाहेरून ६६ मिलिमीटर. त्यावरूनच डाय कापली, त्यामुळे त्याचा नग आकसून ६४ वर आला. आमच्या पाटीच्या भोकात तो सैल बसे, फटीतून थंडी खाली शिरे आणि गोळा खालूनही गोठू लागे. त्यात पाणी सांडू नये म्हणून की काय, भोक ४ मिलिमीटरचं केलेलं. बारीक भोक आधी गोठून बंद होतं, मग फुगणाऱ्या पाण्याला वाट कुठली? ते जोड उघडतं आणि गोळ्याच्या कमरेला बर्फाचा पट्टा येतो. पोस्ट क्युअरिंगचं तर बोलायलाच नको. लोक तक्रार घेऊन आमच्याकडे येत, कारण दिसायला माल आमचा. नक्कल विकून तो मोकळा झाला, शिव्या आम्ही खाल्ल्या. राग अजून आहे, लपवत नाही.

त्या हंगामात भाईंनी स्वतःचा बार अर्धाच चालत असताना वर्षभराच्या साच्यांचे पैसे आगाऊ दिले. वर सूट मागितली नाही. आजही नवी बॅच आधी त्यांच्याकडे जाते. साचा ते सुंगटांच्या पिशवीशेजारी आठवडाभर ठेवतात, मग त्यात गोळा करून, तो वितळवून, ते पाणी नुसतं पिऊन बघतात. कुठल्याही प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा आम्ही त्या घोटाला घाबरतो.

आता, कुणी विचारलेलं नसताना थोडं सांगतो. साचा साबणाने धुऊ नका, साबणाचाही वास धरतो. गरम पाणी आणि खायचा सोडा पुरे. वास लागलाच तर कोरडा करून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, खिडकी उघडी ठेवून. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला तर साधं पांढरं व्हिनेगर लावा, माडाचं नको. चिमटीत पिळून पांढरं पडतं का ही परीक्षा लोक सांगतात. तसं झालं तर सिलिकोनमध्ये मिसळलेल्या स्वस्त भरावाचा संशय घ्यावा, पण रंगीत साच्यात ती फसते. नाक जास्त खात्रीचं.

गोळा काढताना साचा पिळायचा नाही. दोनतीन मिनिटं बाहेर ठेवून कडेची जीभ ओढा. फ्रीजरमधला गोळा लगेच ग्लासात घालून वर पेय ओतलं तर तडकतो, कारण वरचा थर एकदम तापून फुगतो आणि आतला तसाच राहतो. वरची पांढरी धूसर कांती जाऊन काचेसारखी झळाळी आली की मगच ओता. आपल्याकडच्या मे महिन्यात याला पाच मिनिटंही लागत नाहीत. जादा गोळे घट्ट बंद पिशवीत ठेवा. उघडे राहिले तर वास धरतात, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये हळूहळू झिजून लहानही होतात. आमसुलाच्या पाण्याचे लाल गोळे करायची फर्माईश दरवर्षी येते. रंगसुद्धा क्षारांसारखाच ढकलला जातो. आमच्या संचात तो डब्यात उतरेल आणि हातात फिका गोळा येईल.

आणि हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू. हुर्राक, लिंबू, मीठ, मिरची, वर लिम्का, त्यात एकच मोठा गोळा घालून 'थंड होत नाही' म्हणणारे फोन येतात. हळू वितळणारा बर्फ थंडही हळूच करतो. बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सरळ साधा फोडलेला बर्फ घाला. आमचा माल कमी खपला तरी चालेल. मोठा गोळा आधीच गार केलेल्या, हळूहळू घ्यायच्या फेणीसाठी आहे.

उंच ग्लासात ६० चा गोळा उतरत नाही, ही तक्रार मात्र रास्त. त्यासाठी ४५ मिलिमीटरचा, ४८ मिलिलिटरचा साचा काढतोय, डाय ४६.४ ची, बेळगावातच. जुना डबा टाकू नका. त्याच खाचेवर बसणारी सहा भोकांची पाटी वेगळी मिळेल, आणि साच्यांबरोबर घेतली तर तिचे पैसे लावणार नाही.