सिलिअॅकचं पथ्य आणि खाण्याची भीती वेगळी करताना: माझा अनुभव

सिलिअॅक या आजारात ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद करावं लागतं. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांतलं हे प्रथिन थोडं जरी पोटात गेलं, तरी शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. कडक राहणं हाच उपचार, आणि खाण्याचा विकार नेमका याच कडकपणावर पोसतो. लेबल वाचणं, बाहेरचं टाळणं, दुसऱ्याच्या हातचं नाकारणं हे पथ्य म्हणून बरोबर असतं, पण त्याआड उपासमारही सहज लपते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासात सिलिअॅक असलेल्या स्त्रियांमध्ये अॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा विकार) जास्त आढळला, निदानाआधीही आणि नंतरही.

मला सर्वांत उपयोगी पडली ती नियमांची वाटणी. वहीत दोन रकाने केले. पहिल्यात फक्त ग्लुटेन: लेबल, वेगळी भांडी, ग्लुटेन-फ्री पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा. दुसऱ्यात उरलेलं सगळं: रात्री पिष्टमय नको, तेल नको, भूक लागली तरी जेवण पुढे ढकलायचं. पहिल्या रकान्याला हात लावला नाही. दुसऱ्यातले नियम आहारतज्ज्ञांशी बोलून एकेक करून मोडले. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही, हे वेळापत्रक भुकेवर सोडलं नाही. बराच काळ कमी खाल्लं की भूकही नीट कळत नाही. बाहेर पडताना स्वतःचं खाणं सोबत असायचंच, म्हणजे ‘चालेल असं काही मिळालं नाही’ हे उपाशी राहण्याचं कारण उरत नाही.

जेवल्यावर पोट फुगलं की संशय लगेच ग्लुटेनवर जातो. पण दीर्घकाळ कमी खाल्ल्यावर जठर हळू रिकामं होतं. त्यानेही पोट गच्च होतं. म्हणून पदार्थ एकामागून एक वगळत जाऊ नये. दूध सोसत नसेल तर बऱ्याचदा ते तात्पुरतं असतं, कारण दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर आतड्याच्या अस्तरात तयार होतं आणि तेच अस्तर खराब झालेलं असतं. असं काही वगळलंच, तर ते पुन्हा कधी सुरू करायचं याची तारीखही तेव्हाच ठरवावी.

नाजूक टप्पा वजन वाढण्याचा. आतडं भरून आलं की शोषण सुधारतं आणि तेवढ्याच खाण्यावर वजन वाढतं. या भीतीने काही जण मुद्दाम ग्लुटेन खातात. त्याने अस्तर पुन्हा झिजतं. लोह, कॅल्शियम आणि हाडं यांचं नुकसान होतं. वजनाचा आकडा छळत असेल, तर काट्याकडे पाठ करून वजन करून घेता येतं. आकडा डॉक्टरांपुरता राहतो.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टीटीजी (सिलिअॅकची प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी) साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी तपासतात. पण जो जेवतच नाही, त्याच्या पोटात ग्लुटेनही जात नाही, त्यामुळे त्याचाही रिपोर्ट सुंदर येतो. टीटीजी नॉर्मल आणि वजन उतरतंय, पाळी थांबलीय किंवा चक्कर येतेय, असं असेल तर ‘दिवसभरात किती खाता?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण स्वतः सांगावं. आणि बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर घरच्या घरी एकदम खाणं वाढवू नये. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. ते तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच खाणं वाढवावं.