तुम्ही विचारलंत म्हणून: वंशसंहाराचा आरोप आणि बॉम्बचा परवाना

‘कोसोव्होत वंशसंहार झालाच नव्हता. म्हणजे नाटोची बॉम्बफेक खोटेपणावरच उभी होती, बरोबर?’ जागतिक राजकारणावर लिहायला लागल्यापासून हा प्रश्न मला वरचेवर येतो. कधी जागेचं नाव बदलतं, लिबिया येतं, पूर्व युक्रेनमधलं डोनबास येतं. विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. माझी पंचाईत अशी की यात दोन प्रश्न आहेत, वंशसंहार झाला का आणि झाला तर बॉम्बफेक कायदेशीर ठरते का, आणि एकाच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर निघत नाही.

आधी आकडे. कोसोव्हो हा तेव्हा युगोस्लाव्हियातल्या सर्बियाचा प्रांत, वस्ती बहुतांशी अल्बानियन; सर्ब फौजा त्यांना मारताहेत आणि हाकलताहेत, असा आरोप होता. नाटोने २४ मार्च १९९९ ला युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली आणि ती ७८ दिवस चालली. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, त्यामुळे समर्थनाचा सगळा भार कोसोव्होत काय घडतंय यावर पडला. मे महिन्यात अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांनी टीव्हीवर सांगितलं की लढण्याच्या वयाचे सुमारे १ लाख अल्बानियन पुरुष बेपत्ता आहेत आणि ते कदाचित मारले गेले असतील. त्याच मुलाखतीत त्यांनी ४,६०० जणांना ठार केल्याच्या बातम्या असल्याचंही सांगितलं होतं, पण लक्षात राहिला तो १ लाख. ‘कदाचित’ तर बातमीपर्यंत पोचलाच नाही.

युद्ध संपल्यावर देशोदेशींची न्यायवैद्यक पथकं कोसोव्होत उतरली. ट्रेप्चाच्या खाणीत शेकडो प्रेतं टाकल्याची वदंता होती. तिथे एकही सापडलं नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेग न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्त्या कार्ला डेल पोंते यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की आतापर्यंत २,१०८ मृतदेह उकरून काढले आहेत. झालं, ‘कुठे आहे तो वंशसंहार?’ असे मथळे सुरू झाले. खोदायची बरीच जागा अजून शिल्लक होती, पण तेवढा धीर कोणाला होता?

आणि मग २००१ उजाडलं. बेलग्रेडच्या वेशीवर बाटायनिका इथे पोलिसांच्या प्रशिक्षण तळावर सामूहिक कबरी सापडल्या. आत ७०० च्या वर कोसोव्हो अल्बानियनांचे मृतदेह होते. युद्ध चालू असतानाच डेन्यूब नदीत प्रेतांनी भरलेला एक शीतवाहक ट्रक वर आला होता. ती बातमी तेव्हा दाबली गेली होती. म्हणजे कोसोव्होत प्रेतं कमी सापडत होती त्याचं एक कारण असं की ती ट्रकांत भरून शेकडो किलोमीटर दूर नेऊन पुरली होती. पुढे बेलग्रेड आणि प्रिश्टिनामधल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी एकेक नाव तपासून यादी केली. १९९८ ते २००० या काळात मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून १३,५०० हून जास्त माणसं, त्यांत १०,८०० च्या आसपास अल्बानियन. यादीत लढवय्येही आहेत, सर्बही आहेत, रोमा या अल्पसंख्याक समाजाचे लोकही आहेत. १ लाख म्हणणारे चुकले आणि ‘दोन हजारच की’ म्हणून खांदे उडवणारेही चुकले.

याला वंशसंहार म्हणायचं का? संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात त्यासाठी एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. युगोस्लाव्हियाचे तेव्हाचे अध्यक्ष मिलोशेविच यांच्यावर कोसोव्होसाठी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप होता. वंशसंहाराचं कलम लागलं ते बोस्नियासाठी. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने सर्बियाच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना कोसोव्होतील हद्दपारी आणि हत्यांबद्दल दोषी ठरवलं. ‘लोक नाटोच्या बॉम्बमुळे पळाले’ हा बचावही तेव्हा टिकला नाही. लाखो लोकांना ठरवून देशाबाहेर हाकललं गेलं होतं. गुन्हा प्रचंड होता, त्याचं कलम वेगळं होतं.

आता दुसरा प्रश्न. समजा वंशसंहार सिद्ध झाला असता, तर बॉम्बफेक कायदेशीर ठरली असती? नाही. त्या करारात बॉम्ब टाकायचा परवाना कुठेही नाही. पहिलं कलम देशांवर वंशसंहार रोखण्याची जबाबदारी टाकतं, आठवं कलम संयुक्त राष्ट्रांकडे जाण्याची वाट दाखवतं. देशादेशांमधले खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडाबद्दल निकाल देताना सांगितलं की रोखायचं ते आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीत राहूनच. त्याच निकालात सर्बियावर ठपका आला, कारण मारणाऱ्यांवर तिचा वचक होता आणि तो तिने वापरला नाही. रोखणं म्हणजे विमानंच पाठवणं, ही आपली सवय आहे. कायद्याने त्याआधीच्या कितीतरी गोष्टी मागितल्या आहेत.

उलट बाजूनेही पाहा. लिबियात २०११ मध्ये सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरायला मंजुरी दिली. दहा मतं बाजूने, पाच देश तटस्थ, त्यांत भारतही. तिथे वंशसंहार सिद्ध करण्याची गरजच पडली नाही. संरक्षणासाठी दिलेली मंजुरी गद्दाफींची राजवट जाईपर्यंत ताणली गेली, हे दुखणं वेगळं. २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने नागरिकांना असलेला धोका फुगवून सांगितला गेला होता असा निष्कर्ष काढला. तो मला बराचसा पटतो, पण गद्दाफींच्या फौजा ज्यावर चालून जात होत्या त्या बेनगाझी शहरात जे घडलंच नाही ते किती भयंकर झालं असतं याचा हिशेब कोणती समिती देणार?

कोसोव्होवर हसणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांना मी १९७१ ची आठवण देतो, तेव्हा संभाषण जरा थबकतं. ढाक्यातले अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्चअखेरीसच तारेत ‘निवडक वंशसंहार’ असं लिहिलं होतं. त्यांच्या सरकारला पाकिस्तानमार्गे चीनचं दार उघडायचं होतं. तार बाजूला पडली. भारतात सुमारे १ कोटी निर्वासित आले. बळींचा आकडा बांगलादेश ३० लाख सांगतो, पाकिस्तानचा हमुदूर रहमान आयोग २६ हजार सांगतो. पण भारताचं युद्ध योग्य होतं का, हे या दोन आकड्यांमधली दरी कुठे मिटते यावर अवलंबून नाही. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला होता. भारताने स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला, जोडीला पूर्व बंगालच्या लोकांना सोडवण्याचाही.

व्हिएतनामने तर १९७९ च्या जानेवारीत कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घेऊन तिथल्या ख्मेर रूज राजवटीने चालवलेली कत्तल थांबवली आणि समर्थनात मुख्यतः सीमेवरच्या हल्ल्यांचीच भाषा केली. जगाने काय केलं? संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची त्यानंतरही ख्मेर रूजकडेच ठेवली. त्यांच्या नेत्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवणारा निकाल २०१८ मध्ये आला. रवांडात १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल चालू असताना अमेरिकी सरकारच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्यं’ एवढ्यावरच थांबत होत्या, कारण पुढे बोललं की काहीतरी करावं लागेल अशी भीती होती. जायचं नसलं की जीभ अडखळते, जायचं असलं की सैल सुटते; सरकारांची ही खोड सर्वत्र सारखी आहे.

म्हणून कोणी असा आरोप केला की मी पाहतो: आरोप करणारा तपासनीसांना आत बोलावतोय का, आणि न्यायालयाची वाट मोकळी असताना तो रणगाड्यांच्या वाटेने का गेला. २४ फेब्रुवारी २०२२ ला पुतिन यांनी डोनबासमधल्या ‘वंशसंहाराचा’ हवाला देऊन सैन्य घुसवलं. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत २०१४ पासून २०२१ अखेरपर्यंत त्या संघर्षात दोन्ही बाजूंचे मिळून किमान ३,४०४ नागरिक मारले गेले होते. त्यांतले २०२१ मधले २५. प्रत्येक मृत्यू मृत्यूच, पण आरोप ज्या घाईने पुढे आला तिच्याशी हे आकडे जुळत नाहीत. १९४८ च्या करारानुसार रशियाला थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता आलं असतं. गेला तो युक्रेन, दोनच दिवसांत: आम्ही हा गुन्हा केलेला नाही, असं जाहीर करा, म्हणून. १६ मार्चला न्यायालयाने आरोपाला पुष्टी देणारा पुरावा आपल्यासमोर आलेला नाही असं नमूद करून १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं. रशियाने मानलं नाही.

पण पुढचा निकाल तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे आणि त्याबद्दल मला फारसं कोणी विचारत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने ठरवलं की युक्रेनने वंशसंहार केला की नाही, एवढं आम्ही तपासू. रशियाने खोटा आरोप करून त्या बहाण्याने युद्ध पुकारलं असं धरलं, तरी तेवढ्याने १९४८ च्या कराराचा भंग होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग होतो का, हा प्रश्न उरतो, पण तो या खटल्यात न्यायालयापुढे येऊ शकत नव्हता.