डंकन राजाचे घोडे

‘मॅकबेथ’ आमच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हते. नववीच्या वर्गात ते आले ऑफ तासाला. कोणी शिक्षक रजेवर असले की आमचे इंग्रजीचे सर वर्गावर येत, हजेरीपट टेबलावर ठेवत आणि म्हणत, “पुस्तके मिटा.” मग तास संपेपर्यंत शेक्सपिअर. गोष्ट मराठीत, मधल्या ओळी इंग्रजीत, आणि त्या सगळ्या पाठ असल्याने सरांची नजर सतत आमच्यावर. पुढे मी महसूल खात्यात नोकरी केली, तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. इंग्रजी साहित्याशी माझा पदवीपुरताही संबंध नाही. तरीही त्या तासांत सुरू झालेले वाचन आजतागायत सुटलेले नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचे तर त्याबद्दलच लिहावे असे वाटले.

सरांनी गोष्टीची सुरुवात चेटकिणींपासून केली नाही. त्यांनी ती खुनाच्या दुसऱ्या दिवसापासून केली. स्कॉटलंडचा राजा डंकन आपल्याच सरदाराच्या, मॅकबेथच्या, वाड्यात पाहुणा म्हणून झोपला आणि झोपेतच मारला गेला. घड्याळाप्रमाणे दिवस उगवला आहे, पण बाहेर काळोख हटत नाही. एक म्हातारा आणि एक सरदार वाड्याबाहेर भेटतात. सत्तर वर्षांच्या आयुष्यात असली रात्र पाहिली नाही, असे म्हातारा म्हणतो. आकाशात उंच गेलेल्या ससाण्याला उंदरांवर जगणाऱ्या घुबडाने झडप घालून मारले. आणि राजाचे घोडे, देखणे, चपळ, जातिवंत, तबेला फोडून बाहेर पडले आणि एकमेकांना खाऊ लागले.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, घोडा घोड्याला कसा खाईल?”

“नाहीच खाणार,” सर म्हणाले. “म्हणून तर सांगतोय. जे कधीच होणार नाही ते झालंय. का झालं असेल, सांगा बरं.”

उत्तर त्यांनी त्या दिवशी दिले नाही. पुढचे बरेच ऑफ तास ते उत्तराकडे जात राहिले.

राज्याभिषेक म्हणजे काय हे आम्हाला रायगडामुळे ठाऊक होते, त्यामुळे इंग्लंडच्या राजाला पवित्र तेलाने अभिषेक होतो, हे वेगळे समजावावे लागले नाही. समजावावे लागले ते त्या तेलाचे राजकारण. १५६९ साली उत्तर इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीविरुद्ध बंड झाले. ते मोडल्यावर बंडखोरीच्या पापावर एक लांबलचक प्रवचन तयार करून चर्चमधून वाचायला लावले गेले. जगातला पहिला बंडखोर सैतान, असे त्यात सांगितले होते. राजा दुष्ट असला तरी प्रजेने सोसावे, प्रार्थना करावी, शस्त्र उचलू नये, ही त्याची शिकवण. १६०३ साली स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स म्हणून बसला. राजा फक्त देवाला जबाबदार असतो हे त्याने आधीच ग्रंथ लिहून मांडले होते, आणि १६१० साली तर राजांना खुद्द देवानेच देव म्हटले आहे, असे त्याने पार्लमेंटपुढे सांगितले. नोव्हेंबर १६०५ मध्ये त्याला पार्लमेंटसकट दारूगोळ्याने उडवण्याचा कट उघडकीला आला. ‘मॅकबेथ’ साधारण १६०६ चे. ज्या नाटकमंडळीसाठी शेक्सपिअर लिहीत होता तिला तेव्हा राजाचेच नाव मिळालेले होते. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते घोडे नुसते अद्भुत वाटले नसणार. माणसांच्या समाजाला राजा, प्राण्यांत सिंह, पक्ष्यांत गरुड, आकाशात सूर्य अशी एकात एक गुंफलेली उतरंड त्याच्या मनात होती. तिचा एक दुवा तुटला की बाकीचे हलणारच.

इथपर्यंत वाचले की शेक्सपिअर म्हणजे राजाचा भाट, असे वाटू शकते. तसे म्हणणारे विद्वान आहेत, आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. हॉलिन्शेड या इंग्रज इतिहासकाराच्या ज्या बखरीतून हे कथानक घेतले, तिच्यात बँको हा सरदार डंकनच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे. जेम्सचे घराणे स्वतःला बँकोचे वंशज मानत होते, आणि नाटकातला बँको स्वच्छ आहे. एवढी खुशामत मी मान्य करतो.

पण त्याच बखरीतून शेक्सपिअरने डंकनचे काय केले ते पाहा. खरा डंकन १०४० साली लढाईत पडला. तो कोणाच्या घरी झोपेत मेला नाही. बखरीतला डंकन मऊ, ढिला, गुन्हेगारांना शासन करायला कचरणारा आहे. मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले आणि बखर म्हणते की त्यातली पहिली दहा वर्षे त्याने चांगला न्याय दिला. शेक्सपिअरने ती दहा वर्षे पुसून टाकली. पाहुण्याच्या खुनाची गोष्ट त्याच बखरीत दुसरीकडे होती, डफ नावाच्या आणखी जुन्या राजाची. एकमेकांना खाणारे घोडे आणि ससाण्याला मारणारे घुबड तिथलेच. ते सगळे त्याने उचलून डंकनच्या मरणाभोवती आणून ठेवले, आणि डंकनला म्हातारा, कृतज्ञ, सालस केले. नुसत्या अभिषेकानेच राजा पवित्र ठरत असता तर ढिला डंकनही चालला असता. मग त्याला चांगला करण्याचे कारण काय?

कारण मॅकबेथच्या स्वगतात आहे. खुनाच्या आधी तो एकटा विचार करतो, हे करू नये याची कारणे मोजतो. मी त्याचा नातलग आहे, त्याची प्रजा आहे. मी त्याचा यजमान आहे, मारेकऱ्यासमोर मी दार बंद करायला हवे, सुरा मी हातात घ्यायचा नाही. आणि मग: या डंकनने आपला अधिकार इतक्या नम्रपणे वापरला, एवढ्या मोठ्या पदावर इतका निष्कलंक राहिला, की त्याचे गुण देवदूतांसारखे तुताऱ्या फुंकत या हत्येविरुद्ध ओरडतील. सबंध स्वगतात तेलाचा उल्लेख नाही. देवाचे अभिषिक्त मंदिर फोडले गेले, असा आक्रोश मॅकडफ हा सरदार करतो, पण तो प्रेत पाहिल्यानंतर. खुनी स्वतः थबकतो तो नात्याशी, पाहुणचाराशी आणि त्या म्हाताऱ्याच्या वागणुकीशी. सहीचा आणि शिक्क्याचा अधिकार पहिल्यांदा माझ्या हाती आला तेव्हा मला ‘अधिकार इतक्या नम्रपणे’ ही ओळ सरांच्या आवाजात आठवली होती. अजून आठवते.

‘रिचर्ड दुसरा’ मी फार उशिरा वाचले. सरांनी त्याचा एकच प्रसंग सांगितला होता. रिचर्डला खात्री असते की समुद्रातले सगळे पाणी ओतले तरी अभिषिक्त राजाच्या कपाळावरचे तेल धुऊन निघणार नाही. पुढे गादी सोडताना तो स्वतःच्याच अश्रूंनी ते तेल धुतो, स्वतःच्या हातांनी मुकुट काढून देतो, आरसा मागवतो आणि फोडतो. अभिषेकाचा सगळा विधी उलट्या क्रमाने. हा प्रवेश इतका जिव्हारी लागणारा होता की १५९७ च्या छापील प्रतीत तो नाहीच, तो पहिल्यांदा छापला गेला १६०८ साली, एलिझाबेथ गेल्यानंतर. ७ फेब्रुवारी १६०१ रोजी एसेक्सच्या अर्लच्या माणसांनी नटांना नेहमीपेक्षा चाळीस शिलिंग जास्त देऊन रिचर्डच्या पदच्युतीचे नाटक करवून घेतले. दुसऱ्या दिवशी एसेक्सचे राणीविरुद्ध बंड झाले, फसले, आणि त्याच महिन्यात एसेक्सचे डोके उडाले. नटांना शिक्षा झाली नाही. मला या नाटकात सर्वांत जास्त पटते ते हे की रिचर्ड अभिषिक्त आहे आणि वाईट राजाही आहे, आणि शेक्सपिअर यातली एकही गोष्ट झाकत नाही. त्याने काकाची, गाँटची, जहागीर हडपली, चुलतभावाचा वारसाहक्क बुडवला. वारशाच्या ज्या नियमाने तो स्वतः गादीवर बसला होता, तोच त्याने मोडला. त्याला काढणाराही सुखी झाला नाही, ते पाप पुढच्या नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते.

राजाच्या दैवीपणाबद्दलची सर्वांत प्रसिद्ध ओळ ‘हॅम्लेट’मध्ये आहे: राजाभोवती असे दैवी कुंपण असते की राजद्रोहाला आत फक्त डोकावता येते. ही ओळ म्हणतो क्लॉडिअस, ज्याने आपल्या अभिषिक्त भावाच्या कानात विष ओतले. ‘हॅम्लेट’चा मराठी अवतार, ‘विकारविलसित’, आगरकरांनी १८८३ साली दिला. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाबद्दल छापलेल्या मजकुरावरून ते टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले होते. राजवाड्यात कोंडलेला, वेडा ठरवलेला राजपुत्र आणि त्याच्यावर सत्ता गाजवणारे पालक त्यांना पुस्तकातच भेटले नव्हते.

मात्र सरांचा सर्वांत आवडता प्रवेश ‘मॅकबेथ’च्या चौथ्या अंकातला. इंग्लंडच्या दरबारापाशी डंकनचा मुलगा माल्कम आणि पळून आलेला मॅकडफ भेटतात. प्रयोगात हा प्रवेश अनेकदा कापतात, कारण तो लांब आहे आणि त्यात रक्त नाही. मॅकडफ म्हणतो, चल, गादी तुझी आहे. माल्कमला वाटते, हा मॅकबेथचाच हेर असेल. म्हणून तो स्वतःवर खोटे आरोप करतो. मी बाईलवेडा आहे, तुमच्या बायका-मुली माझ्यापासून वाचणार नाहीत. मॅकडफ अस्वस्थ होतो, पण सावरून घेतो. मी लोभी आहे, जमिनींसाठी सरदारांना मारेन. मॅकडफ आणखी ओशाळतो, तरी म्हणतो, स्कॉटलंडमध्ये पुरेशी संपत्ती आहे. मग माल्कम राजाचे गुण मोजतो: न्याय, सत्य, संयम, स्थैर्य, औदार्य, चिकाटी, दया, नम्रता, भक्ती, सहनशीलता, धैर्य, मनोबल. यातला एकही माझ्यात नाही, म्हणतो. असा माणूस राज्य करायला लायक आहे का?

इथे सर थांबले. “तुम्ही मॅकडफ आहात. माल्कमचे वडील राजे होते. गादीचा हक्क त्याचाच. काय उत्तर द्याल?”

वर्गात दोन तट पडले. हक्क तो हक्क, असे काहींचे म्हणणे, त्यात मीही होतो. शेवटी पहिल्या बाकावरची, एरवी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मग मॅकबेथला काढायचं कशाला?”

मॅकडफचे उत्तर सरांनी इंग्रजीत म्हटले आणि मग मराठीत: “राज्य करायला लायक? नाही, जगायलाही नाही!” चर्चमधल्या प्रवचनाने ज्या प्रश्नाला तोंड बंद ठेवायला सांगितले होते, तो प्रश्न इथे एक सच्चा, राजनिष्ठ माणूस खऱ्या वारसाच्या तोंडावर फेकतो. आणि हे ऐकूनच माल्कमला कळते की हा माणूस विश्वासाचा आहे.

लगेच मध्ये एक वैद्य येतो, जेमतेम काही ओळींसाठी. इंग्लंडचा राजा एडवर्ड गंडमाळेच्या रोग्यांना स्पर्शाने बरे करतो, त्यांच्या गळ्यात सोन्याचे नाणे बांधतो, प्रार्थना म्हणतो. रोगी रांगेत उभे आहेत. ही प्रथा खरी होती. जेम्सला ती मनापासून रुचत नव्हती, तरी त्याने चालू ठेवली, आणि थेट १७१२ साली ॲन राणीने लहानग्या सॅम्युअल जॉन्सनला, पुढे कोशकार झालेल्या, असाच स्पर्श केला होता. सर म्हणत, मॅकबेथच्या राज्यात रोज नवी विधवा रडते आणि इथे राजाच्या हातून रोग बरा होतो, आता पवित्र राजा कोणता ते ओळखा. त्यानंतर रॉस नावाचा सरदार येऊन मॅकडफला त्याची बायको-मुले कापली गेल्याचे सांगतो. पुरुषासारखे तोंड दे, म्हणतो माल्कम. देईन, मॅकडफ म्हणतो, पण माणसासारखे सोसूनही घेतले पाहिजे. सरांनी ही ओळ म्हटल्यावर घंटा झाली तरी कोणी उठले नव्हते.

शाळेच्या ग्रंथालयात तेव्हा शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ होते, ‘मॅकबेथ’चे मराठी रूप. ते मी तिथेच बसून वाचले. आता माझी शाळेला एक विनंती आहे. या महोत्सवी वर्षाच्या स्नेहसंमेलनात चौथ्या अंकातला हा प्रवेश मुलामुलींनी मराठीत करावा. त्याचे भाषांतर मी केले आहे आणि मुख्याध्यापकांकडे दिले आहे. नेपथ्य लागत नाही, तलवारी लागत नाहीत, माल्कम आणि मॅकडफ दोन्ही मुलींनी केले तरी उत्तम. वेळेअभावी काटछाट करावी लागली तर माल्कमच्या लांब भाषणांत करावी. वैद्याच्या ओळी मात्र तशाच ठेवाव्यात.